गाव कुणाचं? मैंदर्गीच्या निमित्ताने मतदान समजून घेताना



दहावीच्या राज्यशास्त्रात 'निवडणूक प्रक्रिया' हा धडा आहे. निवडणूक आयोग, मतदारसंघ, आचारसंहिता असं सगळं त्यात नीट दिलेलं आहे. मी तो दरवर्षी शिकवतो आणि मुलं दरवर्षी निमूटपणे ऐकून घेतात. एका वर्षी मात्र एक मुलगा मध्येच उठला. म्हणाला, "सर, पुस्तकातलं राहू द्या. आमची गल्ली कुणाची आणि यांची गल्ली कुणाची, ते सगळ्या गावाला माहीत आहे. यांच्याच गल्लीनं आमच्या माणसाला पाडलं." 'यांच्या' म्हणताना त्याने शेजारच्या बाकाकडे बोट केलं. त्या बाकावरचा मुलगा खाली मान घालून बसला. त्याचं वय पंधरा. त्याने अजून एकदाही मतदान केलेलं नव्हतं, तरी 'पाडल्याचा' आरोप त्याच्यावर आला होता.

त्या दिवशी धडा तिथेच थांबवला. पण घरी येऊन विचार करत बसलो, की गल्लीने कुणाला मत दिलं हे आपल्याला खरंच माहीत असतं का? आकडे काय सांगतात, आणि काय सांगत नाहीत? हा लेख त्याच विचारातून लिहिला आहे. उदाहरण मैंदर्गीचं घेतलंय, पण तुमच्या गावाला लावून बघा. तेच चित्र दिसेल.

आधी गाव समजून घेऊ

मैंदर्गी हे सोलापूर जिल्ह्यातल्या अक्कलकोट तालुक्यातलं छोटं शहर. अक्कलकोटहून दुधनीकडे जाताना वाटेत लागतं. पुढे थोड्याच अंतरावर कर्नाटक सुरू होतं. अक्कलकोट, मैंदर्गी आणि दुधनी या तालुक्यातल्या तीन नगरपरिषदा. स्वातंत्र्यापूर्वी अक्कलकोट हे संस्थान होतं. ते विलीन झालं आणि हा भाग सोलापूर जिल्ह्यात आला. या पट्ट्यात बहुतेक घरांत कन्नड बोलतात. बाजारात कन्नड आणि मराठी दोन्ही चालतात, आणि उर्दू बोलणारी घरंही आहेत. आमच्या मुलांना तीन भाषांत हिशेब करता येतो, याचं बाहेरच्यांना नवल वाटतं. आम्हाला काही वाटत नाही.

अशा गावाबद्दल बाहेरचा माणूस पटकन अंदाज बांधतो. 'कन्नड भाग आहे, म्हणजे अमुक', 'अमुक समाज जास्त आहे, म्हणजे तमुक'. गावातली माणसंही तेच करतात, फक्त गल्लीच्या पातळीवर. म्हणून आधी साधी माहिती नीट मांडू.

मैंदर्गीचा मतदार कुणाकुणाला मत देतो?

हा प्रश्न वर्गात विचारून बघा. निम्मी मुलं चुकतात, आणि पालकही चुकतात.

पहिली नगरपरिषद. ४० हजारांच्या आतल्या लोकसंख्येची नगरपरिषद 'क' वर्गात येते, आणि मैंदर्गी त्याच वर्गातली. नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा, आणि प्रभागातून साधारणपणे दोन नगरसेवक. म्हणजे मतदार एकाच वेळी तीन मतं देतो, आणि ती तीन वेगवेगळ्या पक्षांना किंवा आघाड्यांना देऊ शकतो. ही निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो.

दुसरी विधानसभा. त्यासाठी मतदारसंघ अक्कलकोट. तिसरी लोकसभा, मतदारसंघ सोलापूर. या दोन्ही भारत निवडणूक आयोग घेतो.

जिल्हा परिषद आणि पंचायत समिती? तिथे मैंदर्गीकर मत देत नाहीत, कारण त्या ग्रामीण भागासाठी आहेत. शेजारच्या खेड्यातला चुलतभाऊ देतो, मैंदर्गीतला देत नाही. उलट आपल्यासारख्या शिक्षकांना आणि पदवीधरांना विधान परिषदेसाठी पुणे शिक्षक आणि पुणे पदवीधर मतदारसंघात नाव नोंदवता येतं. तिथे शिक्का मारायचा नसतो, बटणही दाबायचं नसतं. पसंतीक्रम लिहायचा असतो.

म्हणजे 'गाव कुणाचं?' असं विचारताना कुठल्या निवडणुकीत, हे आधी विचारायला हवं. नगरपरिषदेत घरासमोरचं गटार बघितलं जातं, विधानसभेत तालुक्यातले गट आणि माणसं, लोकसभेत दिल्लीचं सरकार. एकच माणूस तिन्ही ठिकाणी वेगळा विचार करतो आणि त्यात लबाडी काही नाही.

चार निवडणुकांचे निकाल

आता फळ्यावर हे लिहा.

२००९ : सोलापूर लोकसभा काँग्रेसकडे (सुशीलकुमार शिंदे), अक्कलकोट विधानसभा भाजपकडे (सिद्रामप्पा पाटील).
२०१४ : लोकसभा भाजपकडे (शरद बनसोडे), अक्कलकोट विधानसभा काँग्रेसकडे (सिद्धाराम म्हेत्रे).
२०१९ : लोकसभा भाजपकडे (जयसिद्धेश्वर स्वामी), अक्कलकोट विधानसभाही भाजपकडे (सचिन कल्याणशेट्टी).
२०२४ : लोकसभा काँग्रेसकडे (प्रणिती शिंदे), अक्कलकोट विधानसभा भाजपकडे (सचिन कल्याणशेट्टी).

मुलांना विचारा, काय दिसतं? हुशार मूल लगेच सांगेल, "सर, चारपैकी तीन वेळा दोन्हीकडे वेगवेगळे पक्ष आले." बरोबर. २०१४ मध्ये तर दोन निवडणुकांत जेमतेम पाच महिन्यांचं अंतर होतं, तरी निकाल उलटा लागला.

मग पुढचा प्रश्न टाका. "म्हणजे अक्कलकोटच्या लोकांनी लोकसभेला एक आणि विधानसभेला दुसरं असं मत दिलं, बरोबर?"

बहुतेक वर्ग 'हो' म्हणतो, आणि इथेच सगळे घसरतात. सोलापूर लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा मतदारसंघ आहेत : मोहोळ, सोलापूर शहर उत्तर, सोलापूर शहर मध्य, अक्कलकोट, सोलापूर दक्षिण आणि पंढरपूर. लोकसभेचा निकाल हा सहांची बेरीज असतो. सहांपैकी अक्कलकोटने काय केलं, ते या बेरजेतून कळत नाही. एखाद्या वर्षी अक्कलकोट विजेत्याच्या बाजूने असेल, एखाद्या वर्षी नसेलही. सहा विषयांच्या एकूण गुणांवरून गणितात किती पडले ते सांगता येत नाही, तसंच हे आहे.

मात्र २०२४ च्या बाबतीत एक गोष्ट खात्रीने म्हणता येते. लोकसभेला हा मतदारसंघ काँग्रेसने ७४,१९७ मतांनी जिंकला. त्यानंतर सहा महिन्यांत विधानसभेला याच सहांपैकी पाच जागा भाजपला गेल्या, फक्त मोहोळ राष्ट्रवादी (शरदचंद्र पवार) पक्षाकडे गेलं. एवढा मोठा फरक पडायचा तर संपूर्ण भागात बरीच मतं इकडची तिकडे झाली असणार, किंवा मतदानाला येणारी माणसं बदलली असणार. कारणं लोक अनेक सांगतात. कुणी त्या जुलैत सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेचं नाव घेतं, कुणी उमेदवारांचं, कुणी मतविभागणीचं. ही सगळी कारणं शक्य आहेत, पण नुसता निकाल बघून यातलं एकही सिद्ध होत नाही. मुलांना 'शक्य' आणि 'सिद्ध' यातला फरक कळला, तरी तास सार्थकी लागला म्हणायचा.

'मतदार फिरले' म्हणजे नक्की काय?

आता थोडं गणित करू. सोलापूर लोकसभेचे आकडे बघा.

२००९ मध्ये सुशीलकुमार शिंदे यांना ३,८७,५९१ मतं होती आणि शरद बनसोडे यांना २,८७,९५९.
२०१४ मध्ये बनसोडे यांना ५,१७,८७९ आणि शिंदे यांना ३,६८,२०५.

गावात सगळे म्हणाले, "लोक फिरले." पण वजाबाकी करा. शिंदे यांची मतं कमी झाली ती १९,३८६. बनसोडे यांची वाढली २,२९,९२०. म्हणजे काँग्रेसची घट भाजपच्या वाढीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. मग उरलेली दोन लाखांहून अधिक मतं आली कुठून? नव्याने अठरा पूर्ण झालेले, आधी घरी बसणारे, आधी दुसऱ्याच उमेदवाराला मत देणारे, सगळे त्यात असू शकतात. एखाद्याने इकडून तिकडे उडी मारली आणि त्याच्या जागी तिकडचा इकडे आला, असंही झालं असेल. आकडा त्याबद्दल काही सांगत नाही. पण 'काँग्रेसवाले सगळे भाजपमध्ये गेले' ही गावातली गोष्ट या आकड्यांवर टिकत नाही, एवढं नक्की.

२०१९ मध्ये जयसिद्धेश्वर स्वामी यांना ५,२४,९८५, शिंदे यांना ३,६६,३७७ आणि वंचित बहुजन आघाडीचे प्रकाश आंबेडकर यांना १,७०,००७ मतं मिळाली. शिंदे यांची मतं २०१४ पेक्षा फक्त १,८२८ ने कमी. दुसऱ्या आणि तिसऱ्या उमेदवारांची बेरीज केली तर ५,३६,३८४ होते, विजेत्यापेक्षा ११,३९९ ने जास्त. यावरून पारावर लगेच निकाल दिला जातो : 'मतं फुटली नसती तर...' इथेही मुलांना थांबवा. तिसरा उमेदवार नसता, तर त्याची सगळी मतं दुसऱ्यालाच गेली असती, हे गृहीत कुणी धरलं? काही घरी बसले असते, काही पहिल्याकडे गेले असते. बेरीज फळ्यावर चुटकीसरशी होते, माणसांची तशी होत नाही.

आणखी एक. २००९ पासून सोलापूर लोकसभा अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. म्हणजे उमेदवार सगळे राखीव प्रवर्गातलेच, आणि मतदार सर्व समाजांचे. 'लोक फक्त आपल्या जातीच्या माणसाला मत देतात' हे वाक्य अशा मतदारसंघात कसं लावायचं, हे मुलांनाच विचारा. चर्चा छान रंगते.

गल्लीचं गणित

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. निवडणुकीनंतर केंद्रनिहाय मतांचा तक्ता निघतो, त्याला नमुना २० म्हणतात. कुठल्या मतदान केंद्रावर कुणाला किती मतं पडली, ते त्यात असतं. तो सार्वजनिक असतो आणि मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर बघता येतो. गावातले कार्यकर्ते निकालाच्या रात्रीच आपल्या केंद्राचे आकडे तोंडपाठ सांगतात. 'गल्लीनं पाडलं' हे वाक्य जन्माला येतं ते इथेच.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका केंद्रावर ८०० जणांनी मतदान केलं. त्यात एका समाजाचे ५०० आणि बाकीचे ३००. एका उमेदवाराला ५२० मतं पडली. गाव म्हणतं, "बघा, ५०० होते, ५२० पडली. एकगठ्ठा टाकली."

पण तपासून बघा. कदाचित खरंच त्या समाजाच्या पाचशेच्या पाचशे जणांनी त्यालाच मत दिलं असेल, आणि बाकीच्यांतले २०. किंवा बाकीच्या ३०० जणांनी सगळ्यांनी त्याला दिलं असेल, आणि त्या समाजातले फक्त २२०, म्हणजे ४४ टक्के. दोन्ही बाबतींत यंत्र ५२० च दाखवणार. म्हणजे एकाच आकड्यातून 'शंभर टक्के' आणि 'निम्म्याहून कमी' अशी दोन्ही उत्तरं निघतात. खरं उत्तर या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असेल, पण कुठे ते तक्ता सांगत नाही. आणि त्या ५२० मध्ये शेजारच्या बाकावरच्या मुलाचे आईवडील होते की नव्हते, हे तर मुळीच सांगत नाही.

हे उदाहरण मुलांकडून वहीत सोडवून घ्या. आठवीच्या मुलांनाही जमतं.

भाषेचं लेबल

मैंदर्गीसारख्या गावाला आणखी एक लेबल चिकटतं, ते सीमेचं. १९६७ च्या महाजन आयोगाच्या अहवालात अक्कलकोट तालुका कर्नाटकला देण्याची शिफारस होती. महाराष्ट्राने तो अहवाल कधीच मान्य केला नाही, आणि सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी सोलापूर-अक्कलकोटच्या कन्नडभाषक भागाचा विषय काढला, तेव्हा वाहिन्यांवर आमचा तालुका दिसला. रस्ता-पाण्याच्या वेळी दिसत नाही, तेव्हा मात्र दिसला.

बाहेरच्याला वाटतं, कन्नड बोलणारे म्हणजे भाषेवर मत देणारे. पण इथे सगळ्याच प्रमुख पक्षांचे उमेदवार कन्नड बोलतात, आणि प्रचाराची भाषणंही कन्नडमध्ये होतात. जी गोष्ट दोन्ही बाजूंना सारखी आहे, तिच्यावरून मतदार दोघांतला एक कसा निवडेल? घरातली भाषा आणि यंत्रावरचं बटण यांचं नातं इतकं सरळ नसतं. शिवाय धर्म, जात किंवा भाषेच्या नावावर मत मागणं हा लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ नुसार भ्रष्ट आचार ठरतो. २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने त्यात मतदाराचीही जात, धर्म, भाषा येते, असा बहुमताने निर्णय दिला.

अमेरिकेतलं पाच मतांचं गाव

ही अडचण आपलीच आहे असं नाही. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यात, कॅनडाच्या सीमेजवळ डिक्सव्हिल नॉच नावाची चिमुकली वस्ती आहे. १९६० पासून तिथले मतदार राष्ट्राध्यक्षपदासाठी मध्यरात्रीच मतदान करतात आणि लगेच मोजणी होते, त्यामुळे देशात पहिल्यांदा निकाल यांचाच लागतो. २०२० मध्ये तिथे एकूण पाच मतं पडली आणि पाचही जो बायडन यांना. २०२४ मध्ये सहा पडली : तीन कमला हॅरिस यांना, तीन डोनाल्ड ट्रम्प यांना.

वर्गात विचारा, कुठल्या वर्षी मत गुप्त राहिलं? २०२४ मध्ये कुणी कुणाला दिलं ते बाहेरच्याला कळत नाही. २०२० मध्ये मात्र पाचही जणांचं मत जगाला कळलं, कारण पाचपैकी पाच. कुणीही पडद्यामागे डोकावलं नव्हतं. मोजायची माणसं जितकी कमी, तितकी गुप्तता पातळ होते.

हे आपल्याकडे लागू आहे. पूर्वी मतपत्रिका होत्या तेव्हा अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची तरतूद होती. यंत्र आल्यावर प्रत्येक केंद्राचा आकडा वेगळा निघू लागला. म्हणून निवडणूक आयोगाने २००८ मध्ये 'टोटलायझर' सुचवला. अनेक यंत्रांची बेरीज एकत्रच दाखवणारं ते उपकरण. २०१५ मध्ये विधी आयोगानेही २५५ व्या अहवालात त्याची शिफारस केली. ते अजून लागू झालेलं नाही. दुसऱ्या बाजूचाही मुद्दा मुलांना सांगा : केंद्रनिहाय आकडे उघड असले की मोजणीतली चूक पकडता येते. पारदर्शकपणा आणि गुप्तता, दोन्ही हव्यात, आणि इथे त्या एकमेकींच्या आड येतात. यावर वर्गात दोन गट करून वादविवाद घेता येईल.

वर्गात करून बघा

१. आपल्या विधानसभा मतदारसंघाचे गेल्या चार निवडणुकांचे निकाल मुलांनी गोळा करावेत. प्रत्येक आकड्याशेजारी दोन रकाने करा : 'यावरून काय कळतं' आणि 'यावरून काय कळत नाही'. दुसरा रकाना भरल्याशिवाय पहिल्याला गुण नाहीत.

२. वर्गात नकली मतदान घ्या, पण पक्षांचं नको. सहल कुठे न्यायची, यावर घ्या. एकदा पूर्ण वर्गाची मोजणी करा, एकदा बाकांच्या रांगेनुसार. रांगेनुसार मोजल्यावर मुलं एकमेकांकडे कशी बघतात ते पाहा, आणि मग त्यावरच बोला. सांगावं काहीच लागत नाही.

३. एक नियम पाळा : कुणाच्या घरचं मत विचारायचं नाही. सर्वेक्षणाच्या नावाखालीही नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी केंद्राध्यक्ष किंवा मतदान अधिकारी म्हणून काम केलंय. मताची गुप्तता मोडली तर कलम १२८ नुसार तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, हे प्रशिक्षणात आपण ऐकलेलं असतं. आणि कलम ९४ नुसार कुणाला मत दिलं हे सांगायची सक्ती न्यायालयातही साक्षीदारावर करता येत नाही. जे न्यायालय विचारत नाही, ते आपण वर्गात कशाला विचारायचं?

पालकांसाठी दोन शब्द

निकालाच्या दिवशी घरात जे बोललं जातं, ते दुसऱ्या दिवशी शाळेत येतं. 'त्या गल्लीवाल्यांनी दगा दिला' हे आपण चहा पिताना सहज म्हणतो आणि विसरतो. मूल मात्र ते जपून ठेवतं आणि डबा खाताना शेजारी कोण बसणार, ते त्यावरून ठरवतं. राजकारणावर घरात बोलू नका, असं मी म्हणत नाही. जरूर बोला. कुणाचं काम आवडलं, कुणाचं नाही, का, हे मुलांसमोर बोला. फक्त माणसाबद्दल आणि कामाबद्दल बोला, गल्लीबद्दल नको. आणि मुलाने विचारलं, "तुम्ही कुणाला दिलं?", तर हसून "ते गुपित असतं बाळा" म्हणायलाही हरकत नाही. गुप्त मतदान म्हणजे काय, ते त्याला तिथेच कळेल.

आमच्या वर्गात पुढे काय झालं, ते सांगून थांबतो. त्या ८०० मतांचं गणित मी फळ्यावर घातलं आणि मुद्दाम त्याच मुलाला सोडवायला बोलावलं. त्याने २२० काढले, मग ४४ टक्के काढले. थोडा वेळ फळ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सर, मग कुणी पाडलं ते कळतच नाही की." मी म्हटलं, "नाही कळत." तो जागेवर जाऊन बसला. दोघांची मैत्री त्या दिवशी झाली असं काही मी सांगणार नाही. पण त्या वर्षी 'यांच्या गल्लीनं' हे शब्द मला वर्गात पुन्हा ऐकू आले नाहीत.

तुमच्या वर्गात हा तास घेतलात, तर मुलांनी 'यावरून काय कळत नाही' या रकान्यात काय लिहिलं, ते जरूर कळवा.